गाण्याचे पैसे वाटेतच कसे जिरवावेत

गाणं केलंत? छान. आता त्याचे पैसे चुकून तुमच्या खात्यात येऊ नयेत, एवढीच काळजी घ्या.

स्ट्रीमिंगचे १०० जमले की साधारण ३० प्लॅटफॉर्मचे, १५ च्या आसपास गीत-संगीताच्या हक्कांचे. राहिलेले ५५ ध्वनिमुद्रणाचे. ते सरळ तुमच्याकडे यायचा धोका असतो, म्हणून मध्ये लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, हवं. करारात २० टक्के मान्य करा, म्हणजे ५५ चे ११ होतात. प्रोड्यूसरचे ४ टक्केही त्या विसातूनच जाऊ द्या.

मग उचल घ्या. समजा १० लाख. ती लेबलच्या कमाईतून वळती होत नाही, फक्त तुमच्या हिश्श्यातून होते. हातात उरलेल्या १६ टक्क्यांनी १० लाख फिटायला लेबलकडे साडेबासष्ट लाख यावे लागतात. तोवर तुमच्या स्टेटमेंटवर उणे आकडा आणि लेबल केव्हाच फायद्यात! फिटत आलंच, तर व्हिडिओ आणि जाहिरातीचा खर्चही त्याच खात्यावर टाकू द्या. दुसरा अल्बम पडला तर पहिल्याच्या कमाईतून तो खड्डा भरायचं कलम असतंच. ते वाचत बसू नका. सगळं फिटलं तरी मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, बहुधा त्यांचंच. (मॅनेजरचे १५-२० टक्के मात्र उचल हाती पडताच, एकूण रकमेवर.)

गीत-संगीताचे १५ अजून शिल्लक आहेत, त्यांचं काय? सोपं आहे. सहगीतकाराशी टक्के लेखी ठरवू नका. मैत्रीत कसला हिशेब! दोघांनी मिळून ११० टक्क्यांची नोंदणी केलीत की पैसे वादात अडकतात. नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहा. रेकॉर्डिंगला ओळखीचा बारा अक्षरी आयएसआरसी कोड मिळाला की रचनेची वेगळी नोंदणी विसरा. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ मध्ये असे धनी न सापडलेले सुमारे ४२.४ कोटी डॉलर स्ट्रीमिंग कंपन्यांनी एमएलसीकडे, म्हणजे गीत-संगीताची रॉयल्टी वाटणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, सोपवले. धनी नाहीच सापडला, तर तिथल्या कायद्यात बाजारातल्या हिश्श्याप्रमाणे वाटपाची सोय आहे. ज्यांचं आधीच जास्त, त्यांना जास्त.

स्वतंत्र कलाकार असाल तर आणखी सोपं: २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. ९९९ वर थांबा.

हिशेब तपासायचा हक्क करारात बहुधा असतो. खर्च तुमचा, मुदत ठरावीक, बहुतेकदा दोन-तीन वर्षं. सहामाही स्टेटमेंट आलं की न उघडता फायलीला लावा.