कातडं, रेक्झिन आणि कापडी सीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विजेच्या गाडीत चामडं किंवा रेक्झिन नको, कापडी सीट हवी, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गुरं मांसासाठी कापली जातात, कातडं आपसूक उरतं, ते विजेच्या गाडीच्या सीटवर चढलं तर बिघडलं कुठे? त्याऐवजी येतं ते खनिज तेलापासून केलेलं प्लॅस्टिक. शिवाय मी पर्यावरणाच्या आडून शाकाहाराचा प्रचार करतो आणि कोल्हापूरच्या कारागिरांच्या पोटावर पाय देतो. शाकाहाराचं आधी मिटवू : दर रविवारी आमच्याकडे मटण असतं.

'उरलेलं कातडं' हा मुद्दा अर्धा खरा आहे. 2019 च्या सुमारास अमेरिकेत कातड्यांचे भाव इतके गडगडले की कित्येक कातडी चक्क फेकून द्यावी लागली. सीटसाठी कुणी गाय पाळत नाही, मान्य. पण भाव बरा असतो तेव्हा कातड्याचा पैसा गुरांच्याच धंद्याच्या गल्ल्यात पडतो. ॲमेझॉनचं जंगल तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण गुरांची कुरणं आहेत. पॅराग्वेच्या चाको जंगलातल्या बेकायदा कुरणांपासून युरोपातल्या मोटार कंपन्यांपर्यंतचा कातड्याचा माग अर्थसाइट या संस्थेने 2020 मध्ये काढला. युरोपीय संघाने 2023 च्या जंगलतोडविरोधी कायद्यात गुरांच्या जोडीने कातडंही घातलं, ते उगाच नव्हे.

आता कारागिरांचं. तुमच्याकडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात त्या चामड्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. गाडीच्या सीटला ते लागतच नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांत कमावलं जातं, कारण सालीत कित्येक आठवडे जाणारं काम तिथे दिवसाभरात उरकतं. त्याआधी केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड. एक टन खारवलेल्या कातड्यातून तयार चामडं हाती येतं जेमतेम 200 ते 250 किलो. उरलेल्यात पाणी बरंच, पण मीठ, चरबी, मांसाचे लगदे आणि क्रोमियममुळे निळसर झालेले छिलकेही असतात, आणि ते कुठेतरी जातातच. कानपूरला जाजमऊत ते गंगेत गेले, तमिळनाडूत राणीपेट-वाणियंबाडी पट्ट्यात पालार नदीत. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं, ते वेल्लोरच्या याच टॅनऱ्यांच्या, म्हणजे कातडी कमावणाऱ्या कारखान्यांच्या, खटल्यात.

वेगळं करता येत नाही असं नाही. बीएमडब्ल्यूच्या 2013 च्या आय-3 या विजेच्या गाडीत ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने कमावलेलं चामडं होतं. पण तो अपवाद.

आणि 'अस्सल कातडं मातीत मिसळतं' म्हणता, तर सीट नीट बघा. ऊन आणि घासणं सोसावं म्हणून गाडीच्या चामड्यावर सहसा रंगाचा आणि पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर देतात. तुमचा हात फिरतो तो त्या थरावर. सीटची पाठ आणि कडा तर बहुतेक गाड्यांत रेक्झिनच्याच असतात!

प्लॅस्टिकबद्दल मात्र आपलं भांडण नाहीच. टेस्लाने 2017 पासून सीटचं चामडं सोडत नेलं, व्होल्वोने 2021 मध्ये आपल्या पूर्ण विजेवरच्या सगळ्या गाड्या चामड्याविना करण्याचं जाहीर केलं. व्होल्वोने निदान जुन्या बाटल्यांचं प्लॅस्टिक आणि वाइनच्या बाटल्यांची बुचं वापरून काही करून पाहिलं. आपल्या शोरूममध्ये 'व्हेगन लेदर' म्हणून दाखवतात ते बहुतेकदा साधं रेक्झिन असतं. हेडरेस्टच्या कव्हरची चेन उघडून आतली बाजू बघा. अस्सल चामड्याचे लवदार तंतू दिसायच्या जागी विणलेलं कापड दिसेल, त्यावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन. दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले की पुनर्वापरासाठी सुटे करणं महाकठीण. मग पापुद्रे सुटले की रवानगी कचऱ्यात.

म्हणून मी म्हणतो ते कापड. टाटांच्याच मालकीच्या जॅग्वारने आय-पेस या विजेच्या गाडीत लोकर मिसळलेल्या कापडाच्या सीटचा पर्याय दिला होता, तोही महागातला. इथे कापड म्हणजे स्वस्तातलं मॉडेल. मे महिन्यात रेक्झिनवर पाठ भाजते, म्हणून वरच्या मॉडेलात सीटखाली पंखे बसवायचे आणि त्यालाही वीज खर्चायची.

बॅटरीच्या मानाने सीट म्हणजे दर्या में खसखस, हा तुमचा शेवटचा टोला. असेल. पण बॅटरीशिवाय गाडी हलत नाही, चामड्याशिवाय मात्र आरामात हलते. कापडी सीट मागितली तेव्हा एका शोरूममधला पोरगा मला म्हणाला, "सर, ती बेस मॉडेलमध्येच येते, आणि त्यात मोठी बॅटरी मिळत नाही."