भित्रेपणा : वर्दी नसलेल्यांसाठी मार्गदर्शन

भाऊ, आधी कायदा समजून घ्या, म्हणजे उगाच धास्ती नको. सैन्य अधिनियम १९५०, कलम ३४ : शत्रूसमोर लाजिरवाण्या रीतीनं हत्यार टाकलं किंवा भेकडपणा दिसेल असं वागलं, तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. नुसत्या मनातल्या भीतीला कलम नाही. पाय लटपटत असतानाही चौकी न सोडणारा जवान निर्दोष. पहिल्या महायुद्धात पळून गेल्याबद्दल, भेकडपणाबद्दल वगैरे गोळ्या घातलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली २००६ मध्ये. आपल्याकडे तेरवीच्या आत सगळं माफ.

तुम्हाला वर्दी नाही, तेव्हा सराव कृषी केंद्रापासून करा. पऱ्हाटीला खत द्यायची घाई असते, दुकानदार म्हणतो, युरियासोबत ही बाटली घ्यावीच लागते. घ्या. ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात, तिकडे पाहू नका. पॉस मशीनवर अंगठा द्या, पण पावती मागू नका. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे ती त्याला द्यावीच लागते, आणि एकदा पुरावा खिशात आला की गप्प बसणं फार अवघड जातं. पावती नसली की तालुका कृषी अधिकाऱ्याकडं न जायला कारण तयार.

नवशिके फसतात ते पानठेल्यावर. 'उद्या तहसीलवर जातोच, दाखवतो त्याले!' असं चार जणांत बोलले, की परवा कोणीतरी विचारणारच. फुशारकी मारणारे बहुतेक आतून भित्रेच असतात, हे ॲरिस्टॉटलनं केव्हाच हेरलं होतं. म्हणून फक्त एवढंच म्हणा : 'आपल्याले काय करायचं हाय?'

सेवाग्राम जवळ आहे म्हणून अहिंसेचं कारण मात्र सांगू नका. भेकडपणा आणि हिंसा यांतलं एकच निवडायचं असेल तर हिंसेचा सल्ला देईन, असं गांधीजींनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय. त्यापेक्षा 'कमर धरली' बरं.

आता नदीतल्या रेती उपशाचा विषय. तो ग्रामसभेत येणार असेल त्या दिवशी वावरात काम काढा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतले कमी असतील तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. तिलाही जाऊ नका. ठराव सर्वानुमते मंजूर होईल. नंतर कोणी रजिस्टर घेऊन सहीसाठी घरी आलाच, तर करून टाका. पेन त्याचाच वापरा.