बेडकाचा चिकटा जखमेवर लावू नका: एक खुलासा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘येऊरच्या बेडकाच्या अंगावरचा चिकटा जखमेला लावा, अँटिबायोटिकची गरज नाही, अमेरिकेने मान्यता दिली आहे.’ यातला मान्यतेचा भाग सरळ खोटा आहे.

गोष्टीला मूळ मात्र आहे. १९८७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल झॅसलॉफ यांनी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन नावाची पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वेगळी केली. बेडकाला टाके घालून दूषित पाण्याच्या टाकीत सोडलं, तरी जखमा चिघळत नव्हत्या, याचं त्यांना नवल वाटलं होतं. जेमतेम २३ अमिनो आम्लांची ही साखळी जिवाणूचं आवरणच फोडते. तिच्यावर बेतलेलं पेक्सिगॅनन हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पुढे आलं खरं, पण १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते नाकारलं. आणि तेही प्रयोगशाळेत बनवलेलं, बेडूक खरवडून काढलेलं नव्हे!

मेसेजमध्ये पुढे ‘केरळचा बेडूक’ येतो, तोही खरा आहे. त्याच्या कातडीतलं उरुमिन हे पेप्टाइड २०१७ मध्ये गाजलं, पण फ्लूच्या विषाणूवर. जिवाणूंशी त्या बातमीचा संबंध नव्हता.

उलट बेडकाच्या अंगावर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू असू शकतो आणि भेकाच्या (खडबडीत कातडीच्या बेडकाच्या) डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं. शिवाय येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग; तिथून बेडूक पकडून आणणं हा गुन्हा आहे. जखम चिघळली असेल तर डॉक्टरांना दाखवा.