वासोट्यावरून दिसणारे पाणी

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सहा मित्र साताऱ्याहून वासोटा किल्ल्यावर जाऊन आलो. सहाही जण शाळेपासूनचे. दोघे आता पुण्यात असतात, एक मुंबईत, आणि उरलेले आम्ही तिघे येथेच राहिलो. पहाटे समर्थ मंदिराच्या चौकात जमून यवतेश्वरचा घाट चढलो, तेव्हा खाली शहराचे दिवे अजून लागलेले होते. कासच्या पठारावर या दिवसांत वाळलेल्या गवताशिवाय काही नसते, त्यामुळे तेथे न थांबता थेट कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोली गाठली.

ही पोस्ट लिहावीशी वाटली ती बामणोलीच्या धक्क्यावर जे घडले त्यामुळे. वासोट्याला जायचे तर वन विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि कोयनेच्या जलाशयातून, म्हणजे शिवसागरातून, लाँचने तास-सव्वा तासाचा प्रवास करून पलीकडच्या काठावर उतरावे लागते. लाँचचे दर ठरलेले असतात आणि ते माणशी नसून बोटीमागे असतात. आम्ही सहाच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जरा जास्त रक्कम येत होती, एवढेच. पण आमच्या मुंबईकर मित्राला ती फार वाटली. "काका, आम्ही इथलेच आहोत, पर्यटक नाही," असे म्हणून त्याने जी घासाघीस सुरू केली ती पंधरा-वीस मिनिटे चालली. बोटवाले काका साठीच्या आसपासचे होते. ते चिडले नाहीत, दरही कमी केला नाही. शेवटी आम्हीच त्याला ओढून बोटीत बसवले.

अर्ध्या वाटेवर काकांनी डाव्या हाताच्या पाण्याकडे बोट दाखवून सांगितले, "आमची भातखाचरं इथं खाली हुती." सांगण्याचा सूर तक्रारीचा नव्हता, एसटीच्या वाहकाने पुढचा थांबा सांगावा तसा होता. त्यांचा जन्म पाणी भरल्यानंतरचा, त्यामुळे ती खाचरे त्यांनी स्वतः कधी पाहिलेली नाहीत. वडिलांनी दाखवलेली जागा ते आम्हाला दाखवत होते. आमचा मुंबईकर मित्र मोबाइलवर चित्रीकरण करत होता. त्याने ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही.

पलीकडच्या काठावर मेट इंदवली नावाचे गाव होते. आज तेथे वन विभागाची चौकी आहे, प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवून घेतल्या जातात, आणि संध्याकाळच्या आत परत फिरण्याची ताकीद मिळते. (मुक्काम करू देत नाहीत म्हणून नाराज होणारे ट्रेकर मी पुष्कळ पाहिले आहेत. बिबट्या, अस्वल आणि गव्याच्या जंगलात रात्री गाणी लावून बसण्याचा आपला हक्क नेमका कोठून आला, हे मला समजलेले नाही.) पुढे ओढ्याजवळच्या मारुतीपासून खडी चढण सुरू होते. झाडी इतकी दाट आहे की भर अकरा वाजताही ऊन अंगावर येत नाही, आणि दोन-अडीच तास वाटेत पाचोळ्याच्या आवाजाखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. पुण्याचे दोघे मागे पडत होते, त्यांच्यासाठी दर वीस मिनिटांनी थांबावे लागले. चढणीविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे नाही. आम्ही सगळेच चाळिशी ओलांडलेले आहोत.

गडावर बिनछपराचा मारुती आहे, पाण्याचे टाके आहे, महादेवाचे मंदिर आहे, वाड्याची जोती आहेत आणि चुन्याचा घाणा आहे. पंतप्रतिनिधींच्या बाजूने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी हा गड लढवणाऱ्या ताई तेलिणीची आठवण साताऱ्याकडच्या माणसाला येथे हमखास येते. "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" ही ओळ आमच्यापैकी एकाने मोठ्याने म्हटली आणि सगळे हसले. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला, तेव्हा छत्रपतींच्या घरातली माणसे येथेच होती आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. कैदी ठेवायला ही जागा का निवडत असत, हे माथ्यावर उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बाबू कड्याच्या टोकाशी गेलो तेव्हा कोणीच बोलले नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो कडा आणि समोर जुन्या वासोट्याची भिंत पाहताना पोटात गोळा येतो. पश्चिमेला जमीन एकदम संपते आणि कितीतरी खाली कोकण सुरू होते. हवा स्वच्छ असल्यामुळे नागेश्वराचा सुळका स्पष्ट दिसत होता, आणि त्यापलीकडे खेडच्या बाजूचे रसाळ, सुमार आणि महिपत एका ओळीत ओळखता आले. मग मागे वळून उत्तरेकडच्या माचीवर गेलो, तर पूर्वेला शिवसागराचे निळे पाणी डोंगरांच्या बोटांमधून लांबवर शिरलेले. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला तुटलेला कडा, आणि दोहोंच्या मध्ये आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खात बसलेलो. तेथे माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे मी ही दोन वेगवेगळी दृश्ये समजत होतो.

ती वेगळी नाहीत. कोयना महाबळेश्वराला उगम पावून उत्तरेकडून दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या कण्याला लागून वाहते आणि मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्याची पश्चिमेची भिंत म्हणजे हाच डोंगर, आणि त्या भिंतीपलीकडे कोकणाची एवढी खोल उडी. नदी उंचावर आहे आणि लगेच शेजारी जमीन शेकडो मीटर खाली आहे. या एका गोष्टीसाठी देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, नदीचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवले गेले, आणि पोफळीच्या बाजूला ते खाली सोडून वीज तयार केली गेली. त्या प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॉट आहे. वीज करून उरलेले पाणी, ज्याला कोयनेचे अवजल म्हणतात, ते वाशिष्ठीतून चिपळूणकडे जाऊन समुद्राला मिळते. पोफळी येथून बरीच दक्षिणेला आहे, पण सह्याद्री तोच आणि कडाही तोच. बाबू कड्यावर ज्या खोलीने आपले पाय लटपटतात, तिच्याच जोरावर कारखान्यांचे महाराष्ट्र उभे राहिले. आणि त्या खोलीपर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी जे खोरे भरावे लागले, ते मागच्या बाजूला चमकत होते.

मी धरणाच्या विरोधात लिहीत नाही. माझ्या घरातला दिवा त्याच विजेवर लागतो, आणि वीज नको असे म्हणण्याचा ढोंगीपणा मला जमणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या खोऱ्यातल्या माणसांनी फार मोठी किंमत चुकवली आणि ती त्यांना कोणी धड परत केली नाही. पाणी अडले ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला; प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ मध्ये. म्हणजे ज्यांची जमीन सर्वांत आधी गेली, त्यांच्या हातात मागण्यासाठी कायदाच नव्हता. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. जी पांगली नाहीत, ती पाणी वर चढेल तशी डोंगरावर सरकली आणि नाचणी-वरीच्या तुकड्यांवर जगू लागली. मग १९८५ मध्ये त्याच डोंगरांवर कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि जंगलातल्या वस्त्यांना पुन्हा उठावे लागले. अभयारण्य व्हायला हवेच होते. ते नसते तर ज्या सावलीतून आम्ही चढलो ती सावली शिल्लक राहिली नसती. परंतु आधी पाण्यासाठी आणि नंतर झाडांसाठी असे दोनदा उठवले गेलेले लोक आपल्या ओळखीत किती आहेत, याचा विचार वासोट्याला जाणाऱ्या निदान आम्हा सातारकरांनी करायला हरकत नाही. कोयना धरणग्रस्तांची आंदोलने गेली कितीतरी वर्षे आमच्याच जिल्हाधिकारी कार्यालयासमोर होत आली आहेत. मी स्वतः त्यांच्या कडेने स्कूटर काढून पुढे गेलेलो आहे आणि वाहतूक अडली म्हणून कुरकुरलेलो आहे.

म्हणूनच मला "निर्जन", "मानवी स्पर्श न झालेले", "स्वर्ग" हे शब्द वासोट्याच्या छायाचित्रांखाली पाहिले की त्रास होतो. हे खोरे निर्जन नव्हते, ते निर्जन केले गेले. मेट इंदवलीतून वर जाताना झाडीत जोत्यांचे दगड दिसतात, ते शिवकालीन नाहीत. तेथे राहून गेलेल्यांपैकी काही अजून हयात असतील.

आणि भाड्याविषयी सांगायचे तर ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या घरात त्या पाण्यातून मिळणारे मोजके पैसे कोणते, याची यादी करून पाहावी. वीज पोफळीला तयार होते, पाणी वाशिष्ठीला जाते, हॉटेले कासच्या रस्त्यावर आहेत. लाँचचे भाडे तेवढे बामणोलीत राहते. त्यातूनही डिझेल जाते, दुरुस्ती जाते, आणि पावसाळ्यात गड बंद असतो तेव्हा वासोट्याची फेरीच नसते. आम्ही माणशी जे दिले ते साताऱ्यातल्या बऱ्या हॉटेलात सहकुटुंब एकदा जेवण्याच्या खर्चापेक्षा कमी होते. तेथे बिलावर कोणी वीस मिनिटे वाद घालत नाही.

हे सगळे मी त्या मुंबईकर मित्राला उतरताना सांगितले. त्याचे म्हणणे असे पडले की सरकारने जे करायचे ते त्याने का भरावे. प्रश्न अगदीच चुकीचा नाही, आणि ओढ्यापर्यंत आमचा वाद चालला. चौकीवर आमच्या बाटल्या मोजल्या, एक कमी भरली, ती माझ्याच पिशवीच्या तळाशी निघाली.

परतताना सूर्य डोंगरामागे गेला होता आणि पाण्यावरचा वारा बोचू लागला होता. सकाळची ती जागा आली तेव्हा मित्राने काकांना आपण होऊन विचारले की खाचरे नेमकी कोठे होती. काकांनी इंजिन मंद केले, काठावरचा एक सुळका आणि समोरची घळ यांची रेष जुळवून पाहिली आणि म्हणाले, "आता आपण बांधावरच हाय." आम्ही सहाही जण पाण्यात वाकून पाहिले. अंधार पडत आला होता, त्यामुळे आमचीच तोंडे दिसली.