नातवंडांत रमल्या, पण कुणाच्या?

‘निवृत्तीनंतर बाई नातवंडांत रमल्या’ हे आमच्या निवृत्त शिक्षिका बाईंवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. रमल्या खऱ्या, पण सख्खी नातवंडं तिघं आणि त्यांच्या घरच्या सोप्यात जाजमावर शिकायला बसायचो आम्ही पंधरा-सोळा जण! बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला पाऊस, लाईट गेलेली, मधे एक कंदील. नातवाला वेगळी सवलत नाही. उलट पाढा चुकला तर पहिला कान त्याचाच.

आणखी एक राहिलंय. लेखात त्या फक्त ‘मराठीच्या शिक्षिका’ आहेत. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांचं कन्नड सुधारलं ते त्यांच्यामुळंच की. १९५६ साली आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला तेव्हा त्या स्वतःच शाळकरी. कन्नड त्या नोकरी लागल्यावर शिकल्या. म्हणून आम्ही कुठं अडणार ते त्यांना नेमकं ठाऊक. पाटीवर मधोमध रेघ मारायच्या. डावीकडं मराठीत ‘अक्का’, उजवीकडं तोच शब्द कन्नडमध्ये. "आपल्यात पहिला क अर्धा होतोय. त्यांच्यात पहिला अख्खा राहतोय, दुसरा त्याच्या पायाशी बसतोय. थोरल्या बहिणीला हाक मात्र दोन्हीकडं एकच, होय की नाही रे?" जोडाक्षरांची माझी भीती त्या एका पाटीवर गेली. एक नोव्हेंबरला, आपला भाग तिकडं गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला जाणाऱ्या बाई संध्याकाळी त्याच जाजमावर कन्नड शुद्धलेखन घालायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांना तर नाहीच. ती पाटी अजून त्यांच्या फडताळात असेल तर घरच्यांनी फोटो टाकावा. एक कोपरा फुटलाय, तो माझ्या हातून.