‘सुखाची सात सूत्रं’ पुढे पाठवणाऱ्यांना

‘सुखाची सात सूत्रं’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. कौलारू घर, पायरीवर वाफाळता चहा, मागे माड, आणि खाली कुणा ‘मोठ्या डॉक्टरांच्या’ हवाल्याने सात मुद्दे. आनंद म्हणजे चार हार्मोन, बाकी काही नाही. त्यातलं सेरोटोनिन ९० टक्के पोटात बनतं, म्हणून रोज दोन केळी खा. सकाळचा चहा, पहिल्या पावसाचा वास, समुद्रावरची फेरी हीच खरी औषधं. २१ दिवस केलं की सवय लागते. हार्वर्डने ८५ वर्षं अभ्यास करून हे सिद्ध केलंय. कोकणी माणूस गरीब पण समाधानी, त्याला डिप्रेशन कधी माहीतच नव्हतं. आणि सातवं सूत्र: ‘डिप्रेशनच्या गोळ्या व्यसन लावतात. त्या आजच बंद करा आणि छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा.’

आमच्या घरच्या गणपतीच्या ग्रुपवर तो मार्चमध्ये आला. खाली १९ जणांनी हात जोडले. माझ्या आत्याने तो वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते नवव्या दिवशी.

आत्या वेंगुर्ल्याजवळ राहते. तिच्या नैराश्यावरच्या गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले होते आणि ती सावरत होती. पुन्हा भाकऱ्या थापायला लागली होती, संध्याकाळची शेजारणीकडे जाऊन बसायला लागली होती. नवव्या दिवशी मी गेले तेव्हा माजघरात भिंतीला टेकून बसलेली. उठलं की गरगरतंय, पोटात ढवळतंय, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. ‘मान वळयली काय डोक्यात वीज चमाकल्यासारख्या वाटता गो,’ म्हणाली, आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘ह्या वाच. गोळये खाऊची गरज नाय म्हणतत.’

म्हणून सातव्या सूत्रापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांपैकी बरीचशी नुसती चुकीची आहेत. हे धोक्याचं आहे.

या गोळ्या आठवड्यांनी आणि महिन्यांनी काम करतात. शरीर त्यांना सरावतं. एका दिवसात बंद केल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, झोप उडणं आणि आत्या म्हणाली तशी डोक्यात विजेची चमक हे सगळं होऊ शकतं. वैद्यकात ही लक्षणं चांगली माहीत आहेत. म्हणूनच बंद करायची वेळ आली तरी डॉक्टर मात्रा हळूहळू, कधी कधी कित्येक महिने घेऊन उतरवतात. शिवाय बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडलं की आजार उलटण्याची भीती असते. आत्या नेमकी त्याच टप्प्यावर होती. नुकतं कुठे बरं वाटू लागलेलं, आणि तेवढ्यात मोबाईलवर कुणीतरी सांगतं की तुला याची गरजच नव्हती.

‘व्यसन’ या शब्दात अर्धं सत्य आहे, ते मला कबूल करावं लागेल. गोळी सुटताना त्रास होतो, काहींना बराच होतो, आणि ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आत्याला ती कुणी सांगितली नव्हती. चिठ्ठी लिहून दिली, ‘बंद करू नका’ म्हणाले, का ते सांगायला वेळ नव्हता. त्या न सांगितलेल्या जागेत हा मेसेज येऊन बसला. पण दारूची तल्लफ येते तशी या गोळीची येत नाही, मात्रा वाढवत जावीशी वाटत नाही. आणि उपयोगाचं म्हणाल तर २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्णांचा. त्यात नैराश्यावरची २१ च्या २१ औषधं प्रौढांमध्ये औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. कुठलं कमी, कुठलं जास्त. जादू एकातही नाही.

आता तिसरं सूत्र, ज्यावर हा अख्खा मेसेज उभा आहे. चहा, पाऊस, समुद्र.

आत्याचं सुख म्हणजे सुरंगी. शिमग्याच्या आसपास तिच्या परसातलं झाड फुटलं की ती उजाडायच्या आत पाटी घेऊन झाडाखाली जायची. सुरंगीची कळी उमलायच्या आत काढावी लागते, ऊन वर आलं की हातची गेली. मग दहापर्यंत ओटीवर बसून वळेसर, म्हणजे गजरे, करायचे. एक देवाला, एक स्वतःला, उरलेले गल्लीतल्या पोरींना. दुपारपर्यंत कळ्या केसातच उमलायच्या आणि घरभर वास. आजारी पडली त्या वर्षी ती झाडाखाली गेलीच नाही. शेजारणीने अर्धी पाटी कळ्या आणून ओटीवर ठेवल्या. संध्याकाळी मी पाहिलं तर त्या पाटीतच उमलून तपकिरी पडायला लागल्या होत्या, वर मधमाश्या घोंगावत होत्या, आणि आत्या दोन हात अंतरावर बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘फुलां बघून काय वाटाक होया ता माका ठावक आसा. पण वाटणा नाय.’

हाच तो आजार. नैराश्य तपासायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात, पीएचक्यू-९ नावाची. त्यातला पहिलाच प्रश्न असा आहे की गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला गोष्टी करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? छोट्या गोष्टीतला आनंद हरवणं हे लक्षण आहे, आणि मेसेज तोच आनंद औषध म्हणून घ्यायला सांगतो. तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसाला सोलकढी का गोड लागत नाही म्हणून कुणी दटावत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत दटावतो, वर सूर्योदयाचा फोटो लावतो.

आणि आत्याने सगळं करून पाहिलं होतं. माजघरातल्या कॅलेंडरवर नऊ चौकटींत पेन्सिलीने तीन तीन फुल्या होत्या. एक चहाची, एक समुद्रावरच्या फेरीची, एक केळ्यांची. गरगरत असताना ही बाई किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन येत होती. ‘सगळा केलंय,’ म्हणाली. ‘माझ्यातच कायतरी खोट आसा.’ मेसेजने तिला दिलं ते हे. चक्कर कधीतरी उतरते. हे वाक्य एकदा माणसाच्या मनात बसलं की उतरायला किती दिवस लागतात ते ज्यांनी हात जोडले त्यांनी मला सांगावं.

छोट्या गोष्टींनी काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. होतं, आणि त्याचा पक्का पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे, बांद्याच्या पलीकडे गोव्यात. ‘संगाथ’ ही संस्था तिथे १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिचे एक संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी केली, ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. हे रुग्ण साधे उदास नव्हते, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्यातले होते. सगळ्यांच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल आणि उपचारांच्या सूचना दिल्या होत्या. निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशक मिळाले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाशी बोलून त्याच्या आवडीच्या, त्याला जमतील अशा छोट्या कृती ठरवायची. तीन महिन्यांनी समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लक्षणं आजाराच्या रेषेखाली उतरली होती, दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांची.

मेसेज पाठवणाऱ्यांना हा अभ्यास माहीत असता तर त्यांनी तोच पुढे केला असता. म्हणून नीट वाचा. तिथे माणूस माणसाकडे जात होता. पुढच्या भेटीत पुन्हा येऊन विचारत होता की जमलं का, कुठे अडलं, आणखी लहान करूया का. ‘बरं वाटलंच पाहिजे’ ही अट नव्हती. आधी कृती, वाटणं मागून येईल तेव्हा येईल. गोळ्या बंद करा हा त्या उपचाराचा भाग नव्हता. आणि एवढं करूनही दर १०० पैकी ३६ जण तीन महिन्यांत त्या रेषेखाली आले नव्हते. त्यांना आणखी काही हवं होतं. दोन केळ्यांनी भागेल असं त्या माणसांना तोंडावर सांगायची कुणाची हिंमत आहे?

सहाव्या सूत्राने मला सर्वांत जास्त संताप आला, कारण ते आमच्या नावावर खपवलंय. कोकणी माणसाला डिप्रेशन माहीत नव्हतं म्हणे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळापासून उभं आहे, ते कुणासाठी? नाव माहीत नव्हतं हे खरं. आमच्या आजीच्या पिढीत अशा बाईला वारा लागला म्हणायचे, बाधा झाली म्हणायचे, गाऱ्हाणं घालायचे, कोंबडा द्यायचे, आणि ती बाई मागच्या खोलीत पडून राहायची. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कोकण त्याला अपवाद असेल असं मानायला मला काहीही कारण दिसत नाही. नैराश्य आणि चिंतेसारख्या आजारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आणि ‘गरीब पण समाधानी’ हे कोण ठरवतं? ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या केल्या. नवी पोफळ धरायला वर्षं जातात. मुलगा मुंबईत, बाग जमिनीवर, डोक्यावर कर्ज, त्या माणसाला चहाच्या कपात समाधान शोधायला सांगणारे बहुतेक मे महिन्यात आठ दिवस येऊन फोटो काढून जातात.

उरलेली सूत्रं झटपट. सेरोटोनिन पोटात ९० टक्क्यांच्या आसपास बनतं हे बरोबर, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, आणि केळ्यातलंही शिरत नाही. केळं आवडतं म्हणून खा. चार हार्मोनांची नावं खरी आहेत, पण ‘हे हार्मोन म्हणजे हा आनंद’ इतकं सरळ शरीरात काही चालत नाही. २१ दिवसांचं म्हणाल तर लंडनमध्ये ९६ जणांवर सवयीचा अभ्यास झाला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. हार्वर्डचा अभ्यास खरा आहे, १९३८ पासून चालू आहे, आणि त्याचा मुख्य निष्कर्ष जवळच्या नात्यांबद्दल आहे. हे वाचून तरी १९ जणांपैकी एकाने हात जोडण्याऐवजी आत्याला फोन करायला हवा होता.

सरकारची ‘टेली मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात. ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर हा पाठवा. गोळ्यांचा त्रास होत असेल तर ज्याने दिल्या त्या डॉक्टरकडे जा, तो नीट बोलत नसेल तर दुसऱ्याकडे जा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आत्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने डॉक्टरकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गरगरणं थांबलं, झोप यायला आणखी काही दिवस लागले. यंदाची सुरंगी तोवर संपली होती. कॅलेंडरवरच्या फुल्या तिने स्वतःच खोडरबराने पुसल्या. त्याच पानावर मी पुढच्या तपासणीची तारीख लिहिली आणि खाली १४४१६, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.