घाबरून विष तयार होत नाही

आत्याने रक्तदाबाची गोळी चार दिवस घेतली नव्हती. का म्हणून विचारलं तर मोबाइल पुढे केला. "वाच. विज्ञानच सांगतंय."

विज्ञान म्हणजे 'दोन शास्त्रीय शब्दांचे खरे अर्थ' नावाचा फॉरवर्ड. टॅक्सॉनॉमी म्हणजे रोगांना नावं देणं. नाव कळलं की भीती बसते आणि त्या भीतीतून शरीर रोग तयार करतं, तो नोसिबो. म्हणून निदान नको, गोळ्या नकोत.

पुराव्याला तो कैदी आहेच. फाशीऐवजी नाग डसवून मारणार असं त्याला सांगतात, डोळे बांधतात, दोन पिना टोचतात. तो मरतो आणि शवविच्छेदनात चक्क नागाचं विष सापडतं! तुरुंग कुठला, साल कोणतं, पत्ता नाही. कित्येक वर्षं ही गोष्ट येतेय आणि कैदी बिचारा दर वेळी मरतोय. जबर धक्क्याने हृदय बिघडू शकतं, हे खरं. पण विष? नागाचं विष म्हणजे ठरावीक प्रथिनांचं मिश्रण. ती कशी बनवायची हे नागाच्या जनुकांत लिहिलेलं असतं आणि बनतात ती त्याच्या विषग्रंथीत. माणसाकडे यातलं काहीच नाही. घाबरून विष तयार होत असेल तर घाबरून पिसंही फुटायला हवीत. सर्पदंशावरचं प्रतिविष बनवताना घोड्यांना खरंखुरं विष टोचावं लागतं, नुसती पिन टोचून भागत नाही.

टॅक्सॉनॉमीचा रोगाच्या भीतीशी काडीचा संबंध नाही. ग्रीक 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी, 'नोमोस' म्हणजे नियम. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली हा शब्द आणला तो वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी. नावाने अपाय होतो म्हणता? नागाला शास्त्रीय नाव निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली दिलं. त्याआधी काय नाग चावून माणसं मरत नव्हती?

राहिला नोसिबो. तो आहे, हे मान्य करावंच लागतं. लॅटिनमध्ये 'मी अपाय करीन', आणि वैद्यकात हा शब्द वॉल्टर केनेडीने १९६१ साली आणला. अपाय होणार या अपेक्षेनेच त्रास जाणवतो, आणि तो त्रास खोटा नसतो. पण यावरचा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०२० सालचा 'सॅमसन' अभ्यास बघा. त्रास होतो म्हणून कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. त्यांना वर्षभरात चार महिने स्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. गोळी नसलेल्या महिन्यांपेक्षा स्टॅटिनच्या महिन्यांत जो जादा त्रास नोंदला गेला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. हे कळल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

सुरू केली. सोडली नाही. नोसिबोमुळे बदनाम होते ती गोळी, आणि फॉरवर्डवाल्याने त्यातून गोळी सोडण्याचा सल्ला काढलाय! सगळेच दुष्परिणाम मनाचे असतात असंही नाही, काही औषधाचेच असतात. आणि वाढलेला रक्तदाब बहुतेकदा जाणवतही नाही. तुम्ही त्याचं नाव घ्या वा न घ्या, तो रक्तवाहिन्यांवर आपलं काम करत राहतो.

खोदून विचारल्यावर आत्या म्हणाली, गोळी घेतली की उठताना गरगरतं. हे डॉक्टरांना सांगितलंस का? नाही. त्यांना फोन लावून दिला. बोलणं झाल्यावर म्हणाली, "फॉरवर्ड मी अजून तिघींना पाठवलाय, त्यांचं काय?"